पॉवर बँक, लॅपटॉप, कानाचं यंत्र आणि विमानप्रवास: ठाणे–नवी मुंबईतून पहिल्यांदा उडणाऱ्यांसाठी

ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत उन्हाळा आला की कुणाचे ना कुणाचे आई-बाबा मुलांकडे परदेशी निघालेले असतात. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत नव्याने लागलेली मुलंमुली बंगळुरू-हैदराबादच्या पहिल्या कामासाठी उडत असतात. व्हिसा, विमा, औषधांच्या चिठ्ठ्या, तिकिटाची झेरॉक्स असं सगळं फायलीत नीट लावलेलं असतं. चार्जिंगच्या वस्तूंचं काय, तर निघायच्या रात्री कुणीतरी म्हणतं, "टाका हो त्या मोठ्या बॅगेत, बघू तिकडे." नेमकं हेच करायचं नसतं. म्हणून काय कुठे ठेवायचं, का ठेवायचं आणि काही बिघडलं तर काय करायचं, हे इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी कारण, कारण ते कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत

फोन, लॅपटॉप, पॉवर बँक, चार्ज होणारं कानाचं यंत्र, ट्रिमर या बहुतेकांत लिथियम-आयन बॅटरी असते. तिच्या आत धन आणि ऋण बाजू एका अगदी पातळ प्लॅस्टिकच्या पडद्याने वेगळ्या ठेवलेल्या असतात. बॅटरी चेपली, खूप तापली, गरजेपेक्षा जास्त चार्ज झाली किंवा मुळातच हलक्या मालाची असली, तर तो पडदा फाटतो नाहीतर वितळतो. मग आतल्या आत शॉर्ट होतो आणि उष्णता वाढत जाते. आतलं द्रावण ज्वालाग्राही असतं. त्याची वाफ होऊन ती फसकन बाहेर पडते आणि बहुतेक वेळा पेटते. ती उष्णता बॅटरीतल्या शेजारच्या सेलला (बॅटरी अशा एक किंवा अनेक सेलची बनलेली असते) लागली की तोही त्याच वाटेने जातो. एकदा हे सुरू झालं की बटण बंद करून थांबत नाही.

विमानाच्या पोटात, सामानाच्या कप्प्यात, आग दाबायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा विझवतो, पण सेल थंड करत नाही, त्यामुळे आतली प्रक्रिया चालूच राहू शकते. केबिनमध्ये मात्र माणसं असतात. धूर दिसतो, वास येतो, कर्मचारी अग्निशामक आणि पाणी घेऊन पोचतात. पाण्याने सेल थंड होतो आणि आग पसरायची थांबते. सगळे नियम या एका विचारावर उभे आहेत: बॅटरी पेटलीच तर ती कुणाच्या तरी डोळ्यांसमोर आणि हाताच्या अंतरावर पेटावी.

ही भीती कागदावरची नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेलं यूपीएसचं मालवाहू बोइंग ७४७ आग लागून कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. त्या मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवायला जगभर बंदी आहे. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यात आग लागली. विमान जमिनीवरच होतं म्हणून आतले सगळे १७६ जण बाहेर पडू शकले. तपासात पॉवर बँकेकडे बोट दाखवलं गेलं आणि त्यानंतर एकेका देशाने, एकेका विमान कंपनीने नियम कडक केले. आपल्याकडेही डीजीसीएने, म्हणजे विमानवाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, नोव्हेंबर २०२५ च्या परिपत्रकात सांगितलं आहे की पॉवर बँक हातातल्या सामानातच हवी, डोक्यावरच्या कप्प्यात नको, आणि उड्डाणात तिने काही चार्ज करायचं नाही.

पायरी १: निघायच्या तीन-चार दिवस आधी सगळं टेबलावर काढा

आदल्या रात्री नको, कारण एखादी वस्तू बदलायची झाली तर वेळ हवा. घरातल्या जेवणाच्या टेबलावर चार्ज होणारी किंवा सेलवर चालणारी प्रत्येक वस्तू आणून ठेवा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. फोन आणि लॅपटॉप सगळ्यांना आठवतात. राहून जातात त्या या: बाबांचा ट्रिमर, आईच्या कानाच्या यंत्राची चार्ज होणारी डबी, गळ्यातला ब्लूटूथ नेकबँड, नातवासाठी घेतलेली रिमोटची गाडी, लाइट गेल्यावर लागणारा इमर्जन्सी दिवा, बॅग तोलायचा लहान काटा, हातात धरायचा पंखा.

शेजारच्या काकू सिएटलला निघाल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत गोडा मसाला, भडंग आणि लोणच्याच्या बरण्यांमध्ये साड्यांच्या घडीखाली मच्छर मारायची रॅकेट निघाली. "तिकडे मिळत नाही म्हणे." भावना खरी होती, पण रॅकेटमध्ये चार्ज होणारी बॅटरी असते, बटण बाहेर असतं आणि भरलेल्या बॅगेत ते दाबलं जायला वेळ लागत नाही. ती घरीच राहिली. तुमच्या टेबलावर अशी एखादी वस्तू असेल तर तिचा निकाल इथेच लावा.

पायरी २: आकडा वाचा

विमान कंपनी बॅटरीची मोजणी वॉट-अवरमध्ये, म्हणजे तिच्यात किती ऊर्जा मावते त्यावर करते, आणि आपल्या पॉवर बँकेवर ठळक अक्षरांत असतं एमएएच (मिलिअँपिअर-अवर). हिशोब सोपा आहे. एमएएचला १,००० ने भागा आणि ३.७ ने गुणा. १०,००० एमएएचची पॉवर बँक ३७ वॉट-अवर होते, २०,००० ची ७४. २७,००० पर्यंत गेलात तर ९९.९, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. ३०,००० ची १११ होते आणि तिथे नियम बदलतो.

१०० वॉट-अवरपर्यंत परवानगी मागावी लागत नाही. १०० ते १६० मध्ये असेल तर विमान कंपनीची आधी मंजुरी लागते आणि अशा जास्तीत जास्त दोन सुट्या बॅटऱ्या चालतात. १६० च्या वर प्रवाशाच्या सामानात नाहीच. ऑनलाइन सेलमध्ये मिळणारी ५०,००० एमएएचची पॉवर बँक १८५ वॉट-अवरची होते. ती ट्रेकला न्या, विमानात नाही.

इथे दोन गोष्टींत बहुतेकांचा गोंधळ होतो. पहिली, डब्यावर लिहिलेलं २२.५ किंवा ६५ वॉट. तो चार्जिंगचा वेग आहे, बॅटरीत किती ऊर्जा मावते ते नाही, आणि सुरक्षा तपासणीत त्याचा काही संबंध नाही. दुसरी, मागच्या बारीक अक्षरांतली 'रेटेड कपॅसिटी'. २०,००० च्या पॉवर बँकेवर तिथे १२,००० च्या आसपासचा आकडा दिसतो. ती ५ व्होल्टवर बाहेर पडणारी क्षमता असते. हिशोब मात्र आतल्या सेलच्या आकड्यानेच करायचा.

लॅपटॉपची चिंता फारशी नसते. साधे लॅपटॉप ४० ते ७५ वॉट-अवरच्या दरम्यान असतात, आणि सोळा इंची मॅकबुक प्रोची बॅटरीसुद्धा १०० च्या आतच ठेवलेली आहे.

आकडे पुसले गेले असतील तर ती पॉवर बँक नेऊ नका. चावीसोबत खिशात राहून राहून छपाई घासली जाते, आणि तपासणीच्या माणसाला आकडा दिसला नाही तर तो काढून ठेवतो. वाद घालून उपयोग नाही, त्याच्या हातात मोजायचं दुसरं साधन नसतं.

पायरी ३: खोटी आणि फुगलेली वेगळी काढा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि सगळ्यात जास्त टाळली जाते. वॉट-अवरच्या नियमात बसणारी पण हलक्या मालाची पॉवर बँक ही नियमात बसणाऱ्या चांगल्या पॉवर बँकेपेक्षा कितीतरी धोकादायक. स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर, लोकलमध्ये फिरणाऱ्याकडे मिळणाऱ्या स्वस्त पॉवर बँकेत कोणते सेल घातलेत ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. भारतात विकल्या जाणाऱ्या पॉवर बँकेला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. तिच्यावर आयएसआयसारखं चौकटीतलं चिन्ह आणि 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर हे सरकारी ॲप उतरवून घ्या आणि तो क्रमांक त्यात टाका. कंपनीचं नाव आणि वस्तू जुळली तर ठीक. क्रमांकच नसेल, किंवा दुसऱ्याच कुणाचं नाव आलं, तर ती टेबलावरून खाली उतरवा.

मग प्रत्येक वस्तू सपाट फरशीवर ठेवून पाहा. फोन किंवा पॉवर बँक पाटावर ठेवल्यासारखी चारी बाजूंनी टेकली पाहिजे. मधोमध डुगडुगत असेल, कडेची फट उघडली असेल, लॅपटॉपचा टचपॅड वर आला असेल, चार्ज करताना हात लावता येणार नाही इतकं तापत असेल किंवा गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येत असेल, तर आतली बॅटरी बिघडलेली आहे. ती कुठल्याच बॅगेत जात नाही. घंटागाडीतही टाकू नका. कचरा दाबताना ती पेटते आणि सफाई कामगारांच्या अंगावर येते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्राला द्या. देईपर्यंत गॅलरीत, जळण्यासारखं काही जवळ नसेल अशा जागी ठेवा.

पायरी ४: तीन ढीग करा

हातातल्या बॅगेत न चुकता जाणारं: पॉवर बँक, कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या, कानाचं यंत्र आणि त्याची डबी, ड्रिल मशीनसारख्या अवजाराची सुटी बॅटरी. अवजार स्वतः चेक-इनमध्येच जातं, पण बॅटरी वर. फोन आणि लॅपटॉपही वरच ठेवा. नियमाने लॅपटॉप चेक-इनमध्ये चालतो, मात्र पूर्ण बंद हवा, झोपेच्या मोडवर नाही, आणि दाबला जाणार नाही असा बांधलेला हवा. पण चालतं म्हणून करायला हवं असं नाही. बेल्टवर बॅगा कशा आपटतात ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

चेक-इन बॅगेत चालणारं: रक्तदाबाच्या यंत्रातले साधे पेन्सिल सेल, बटण सेलचं घड्याळ, बॅग शोधायचा ट्रॅकर. या ट्रॅकरबद्दल फार विचारणा होते. त्यात एक छोटा बटण सेल असतो, त्यातलं लिथियम ठरलेल्या मर्यादेच्या खूप आत आहे, त्यामुळे तो बॅगेत चालू स्थितीत ठेवता येतो.

घरी राहणारं: इमर्जन्सी दिवा, रॅकेट, दुरुस्त केलेली किंवा टेप लावून चालवलेली कुठलीही बॅटरी. हॉव्हरबोर्ड आणि चार्जिंगची स्कूटर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. ई-सिगारेटवर तर भारतात २०१९ पासून कायद्याने बंदी आहे.

चार्जिंगचं पोर्ट असलेली 'स्मार्ट' ट्रॉली बॅग घेतली असेल तर दुकानात उघडून बघा की तिची बॅटरी सुटी निघते का. निघत असेल तर बॅग चेक-इनला देताना बॅटरी काढून वर न्यायची. निघत नसेल तर ती बॅग विमानाच्या कामाची नाही.

घरात आजारपण असेल तर थोडं थांबा. झोपेतल्या श्वासासाठीचं सीपॅप यंत्र वर नेता येतं. त्याला वेगळी बॅटरी जोडत असाल तर तिचे वॉट-अवर कंपनीला आधी कळवा. प्रवासात लागणारं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि बॅटरीची व्हीलचेअर यांची परवानगी तिकीट काढतानाच मागायची, विमानतळावर नाही. घडी घालायच्या व्हीलचेअरची सुटी निघणारी लिथियम बॅटरी ३०० वॉट-अवरपर्यंत चालते, दोन असतील तर प्रत्येकी १६०. विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून हा आकडा लेखी घ्या. खुर्ची चांगली निघाली आणि बॅटरी अडली, तर आईबाबांची सगळी यात्रा अडते.

पायरी ५: बांधणी

सुट्या बॅटरीची उघडी टोकं हा खरा धोका. त्यांना नाणं, किल्ली किंवा मंगळसूत्राची साखळी लागली तरी शॉर्ट होतो. ठाण्या-डोंबिवलीचे लग्नाचे फोटोग्राफर हे शिस्तीने करतात: प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी, मग प्रत्येक बॅटरी स्वतःच्या छोट्या पिशवीत. तुम्हीही तसंच करा. मूळ प्लॅस्टिकचं झाकण असेल तर उत्तम.

सगळ्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक एकाच छोट्या झिपच्या पाऊचमध्ये ठेवा, आणि ते पाऊच बॅगेच्या तळाशी नको, बाहेरच्या कप्प्यात. का, ते पायरी ८ मध्ये येईल. पॉवर बँक शंभर टक्के भरून न्यायची काही गरज नाही. जितकी ऊर्जा कमी, तितकी आग सौम्य. फोन आणि लॅपटॉपमध्ये मात्र चार्ज हवा. अमेरिकेच्या वाटेवर तपासणीत उपकरण चालू करून दाखवा असं सांगू शकतात.

पायरी ६: घरातून विमानतळापर्यंत

आता आपल्याला दोन विमानतळ आहेत. उलव्याचा नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला. तिकिटावर बीओएम असेल तर मुंबई, एनएमआय असेल तर नवी मुंबई. ठाण्याहून चुकीच्या बाजूला निघालात तर मग कशाचाच उपयोग नाही. मुंबईचं असेल तर टर्मिनल १ की २ तेही बघा. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर पॉवर बँक किंवा फोन ठेवू नका, आणि वाटेत चहाला थांबलात तर ते पाऊच सोबत घेऊन उतरा.

पायरी ७: काउंटर आणि तपासणी

काउंटरवर बॅटरीबद्दल विचारतात तेव्हा सवयीने "नाही" म्हणू नका. क्षणभर थांबून मोठी बॅग मनात उघडून बघा. चेक-इन बॅगेत पॉवर बँक दिसली तर तुमचं नाव पुकारतात किंवा फोन येतो. मग तुम्हाला बोलावून बॅग उघडायला लावतात. तोपर्यंत तुम्ही सिक्युरिटीच्या आत गेलेले असता, वेळ जातो, आणि तुम्ही सापडलात नाही तर बॅग मागे राहू शकते. दोरीने आवळून बांधलेली, लोणच्याला तीन पदर लावलेली बॅग त्या टेबलावर सोडताना आई-बाबांची जी धांदल होते ती बघवत नाही.

सीआयएसएफच्या तपासणीत लॅपटॉप आणि बॅटऱ्यांचं पाऊच बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवा, सांगायची वाट न बघता. ट्रे पलीकडे आला की पाऊच आधी उचला. घड्याळ-पाकिटाच्या गडबडीत तेच ट्रेमध्ये राहतं.

पायरी ८: गेटवर बॅग घेतली तर

नवखे प्रवासी इथे फसतात. विमान भरलं असेल किंवा एटीआरसारखं पंख्याचं लहान विमान असेल तर वरच्या कप्प्यात जागा नसते. गेटवरचे कर्मचारी तुमची केबिन बॅग टॅग लावून खाली सामानात पाठवतात. म्हणजे वर न्यायची म्हणून जपलेली पॉवर बँक आपोआप विमानाच्या पोटात जाते. त्यांनी विचारलं नाही तरी तुम्ही थांबा, पाऊच काढा, मग बॅग द्या. बाहेरच्या कप्प्यात ठेवायचं ते याचसाठी.

व्हीलचेअरची मदत घेतलेल्या ज्येष्ठांचं सामान कधी कधी मदतनीसाच्या हातात असतं आणि ते आपल्या आधी पुढे जातं. त्यांच्यासाठी पाऊच बॅगेत नकोच. गळ्यातल्या पर्समध्ये किंवा शबनममध्ये द्या.

पायरी ९: जागेवर बसल्यावर

पाऊच समोरच्या सीटखाली किंवा समोरच्या खिशात. डोक्यावरच्या कप्प्यात नाही, कारण तिथे धूर दिसेपर्यंत उशीर होतो. पॉवर बँकेने फोन चार्ज करायचा नाही, आणि पॉवर बँक सीटच्या सॉकेटला लावायचीही नाही. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून हे थांबवलं. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून वापर बंद केला आणि प्रवाशामागे १०० वॉट-अवरच्या आतली एकच पॉवर बँक ठेवली. दुबईमार्गे जाणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच घरातल्या सगळ्या पॉवर बँका एकाच्या बॅगेत भरू नयेत. फोन थेट सीटच्या यूएसबीला लावा, आणि तोही पांघरुणाखाली किंवा मांडीखाली ठेवून नाही.

फोन सीटच्या फटीत पडला तर सीट पुढे-मागे करू नका, हात घालून ओढू नका. सीटच्या यंत्रणेत फोन चिरडून पेटण्याचे प्रकार झालेले आहेत. बेल दाबा आणि कर्मचाऱ्याला सांगा. त्यांना तो कसा काढायचा ते शिकवलेलं असतं.

धूर, वास किंवा चटका

बॅग हाताला गरम लागली, फस्स आवाज आला, जळका वास आला, तर खात्री करत बसू नका. लगेच कर्मचाऱ्यांना हाक मारा, हिंदी-इंग्रजीची चिंता न करता, मराठीतच मोठ्याने. "आग", "धूर" सगळ्यांना समजतं. त्या वस्तूला हात लावू नका, ती उचलून दुसरीकडे नेऊ नका, तिच्यावर उशी किंवा ब्लँकेट टाकू नका. झाकल्याने उष्णता आत कोंडते. बर्फही नको, त्याच कारणाने. जवळच्या लोकांना बाजूला करा आणि कर्मचाऱ्यांना वाट द्या. ते आधी ज्वाळा विझवतील, मग पाणी किंवा दुसरं मद्यविरहित पेय ओतत राहतील. ज्वाळा गेल्या तरी ओतत राहतात, कारण शेजारचा सेल अजून तापलेला असतो.

उतरा असं सांगितलं तर सामान तिथेच सोडायचं. पासपोर्ट अंगावर असेल तर उत्तम, नसेल तरी थांबायचं नाही. हे घरी आई-बाबांना आधीच नीट बजावून ठेवा, कारण त्या क्षणी त्यांचा हात पर्सकडेच जाणार.

पायरी १०: परतीचं सामान

परतताना बॅगेत नवीन वस्तू आलेल्या असतात. लेकीने दिलेला जुना लॅपटॉप, जावयाने घेऊन दिलेलं घड्याळ, मावशीसाठी घेतलेला फोन. त्यांची बॅटरी किती जुनी, पूर्वी दुरुस्ती झाली का, ते लेकीला विचारा आणि पायरी २ आणि ३ पुन्हा करा. चीनमार्गे परतत असाल आणि तिथल्या तिथे देशांतर्गत विमान बदलणार असाल, तर २८ जून २०२५ पासून त्या विमानांत ३सी हे चिनी चिन्ह नसलेली पॉवर बँक चालत नाही. आपली बीआयएस चिन्हाची पॉवर बँक तिथे काढून घेतील. अशा प्रवासात ती घरीच ठेवा आणि विमानतळावरच्या सॉकेटसाठी चांगला चार्जर आणि तिथल्या प्लगला लागणारा ॲडॉप्टर न्या.